कुळाची धास्ती

आमच्या घरात भुताला कुणी भीत नव्हतं. बिबट्यालाही फारसं नाही. उसात बिबट्या दिसला की माणसं दोन दिवस दबकून राहायची आणि मग पुन्हा मुकाट पाणी द्यायला जायची. आमच्या घरात पिढीजात भीती एकच होती, ती कुळाची. कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा माणूस. कायदा आला आणि कसणारा मालक झाला, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामंजींना, त्याहून जास्त ठाऊक होतं.

लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले तेव्हा मला वाटलं, यांची जमीन कुणीतरी लाटली असणार, म्हणून हा माणूस एवढा भितो. निघालं उलटंच. कुकडीकाठची आमची काळी जमीन एके काळी जुन्नरच्या एका मालकाची होती आणि मामंजींचे वडील ती खंडाने करायचे. कायदा आला, तलाठ्याने पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव लिहिलं, आणि जमीन आमची झाली. रीतसर झाली, त्यात कुणी कुणाला फसवलं नाही. पण मालक शेवटचा आला तो दिवस मामंजींनी लहानपणी डोळ्यांनी पाहिला होता.

"आला, बांधावर उभा ऱ्हायला. छत्री मिटली, परत उघाडली आन् गेला. एक शबूद बोलला न्हाई," ते सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा. त्याने शिव्या घातल्या असत्या तर यांना बरं वाटलं असतं. तो न बोलता गेला म्हणून यांच्या मनात जी धास्ती बसली ती कायमची. दुसऱ्याची वस्तू आपली कशी होते हे ज्याने घरात बसून पाहिलं, त्याला आपली वस्तू दुसऱ्याची व्हायची भीती वाटणारच. सुरुवातीला मी यावर हसायचे. मी बारावी झालेली, तोंडाने फटकळ, मला हे सगळं खुळचटपणाचं वाटायचं. पण भीती ही घरातल्या खोकल्यासारखी असते. एकत्र राहिलं की लागते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आळेफाट्याला इमारती उठायला लागल्या. दोन हमरस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे तोवर हॉटेलं, पंक्चरची दुकानं आणि जीपवाल्यांची आरडाओरड एवढंच होतं. आमचे हे जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. मुलीला जवळच्या चांगल्या शाळेत घालायचं म्हणून आम्ही फाट्यावरच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. यांची सगळी शिल्लक आणि माझं माहेरचं सोनं त्यात गेलं. म्हणून करारात यांच्या नावाच्या आधी माझं नाव लागलं. बोरीच्या जमिनीत भावाभावांचे वाटे होते आणि त्यात सुनांना कोण विचारतो? माझं म्हणावं असं जगात ते एवढंच होतं.

व्यवहार ठरवायला मामंजी आले होते. त्यांनी फरशी पाहिली नाही, नळ सोडून पाहिला नाही. बिल्डरला एकच विचारलं, "खालची जमीन कुणाची?"

जमीन आळ्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची होती. त्याचा मुलगा विकायला टपलेला आणि म्हाताऱ्याने तर जमीन विकणार नाही म्हणून शपथ घेतलेली. शेवटी तोड निघाली ती अशी, की विकायची नाही, नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. म्हाताऱ्याची शपथ राहिली, मुलाचं काम झालं, बिल्डरची इमारत उभी राहिली. म्हणून तर फ्लॅट आमच्या आवाक्यात आला होता.

"काका, नव्याण्णव वर्षं म्हणजे कायमचंच की," बिल्डर म्हणाला. "तुमचा नातू म्हातारा होईल तोवर."

"म्हंजी आमी तेचं कूळच झालो," मामंजी म्हणाले. बिल्डर हसला, हेही हसले. मामंजी हसले नाहीत.

करारात एक अट होती. जमीनमालकाच्या लेखी संमतीशिवाय फ्लॅट विकायचा नाही, गहाण ठेवायचा नाही, भाड्यानेही द्यायचा नाही. तसं केलं तर पट्टा रद्द. आमच्या ह्यांनी ती वर्गात धडा वाचावा तशी मोठ्याने वाचली. बिल्डर म्हणाला, हे छापील असतं हो, सगळ्यांच्याच करारात असतं, कोण बघतंय! आणि खरंच पुढे बरीच वर्षं कुणी बघितलं नाही.

पुरती दोन वर्षंही आम्हाला तिथे राहायला मिळालं नाही. यांची बदली आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पलीकडे झाली आणि आम्ही बिऱ्हाड घोडेगावला हलवलं. बंद घराला धूळ आणि पाली. घर द्यावं कुणाला तरी, असं हे म्हणाले. आमचे हे असं काहीतरी म्हणतात आणि मग "बघू" म्हणून मोकळे होतात. बघायचं मी.

फाट्यावर एक मिस्त्री होते. जळालेल्या मोटारी भरून द्यायचे. मूळचे जुन्नरचे, मुसलमान घरातले, बोलायला मऊ. आमच्या विहिरीवरची मोटार त्यांनी कितीदा भरली होती. बायको आणि एक लहान मुलगी. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचे, उन्हाळ्यात त्या खोलीत भाकरीही तव्याशिवाय भाजली असती. मी त्यांना घर द्यायचं ठरवलं. मामंजींना कळलं तेव्हा ते बोरीहून एसटी बदलत घोडेगावला आले, चपला न काढता उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "माणूस चांगला हाय. म्हनूनच भ्या वाटतं. वाईट मानूस कटाळून जातो. चांगला ऱ्हातो."

मग त्यांनी अटी घातल्या. लेखी काही करायचं नाही, कारण कागदावर नाव आलं की हक्क आला. पावती द्यायची नाही. माळ्यावर आपलं काहीतरी कुलपात ठेवायचं. आणि दर अकरा महिन्यांनी घर संपूर्ण रिकामं करून घ्यायचं, म्हणजे सलग वहिवाट होत नाही. वहिवाट हा त्यांचा आवडता शब्द. जमीन कागदाने जात नाही, वहिवाटीने जाते, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्रींनी सगळ्याला मान डोलावली. पत्र्याच्या खोलीतून आलेला माणूस, तो कशाला नाही म्हणतोय!

तेव्हापासून दरवर्षी तो सोहळा व्हायचा. मिस्त्रींची बायको, तिला मी भाभी म्हणायचे, मुलीला घेऊन जुन्नरला माहेरी जायची. कपाट, पलंग, पिठाचे डबे दुकानात जाऊन मोटारींच्या ढिगाशेजारी बसायचे. मग मामंजी बोरीहून कांद्याची पोती आणायचे आणि आमच्या हॉलमध्ये रचायचे. आपला माल घरात दिसला पाहिजे! स्टोव्ह पेटवून दूध उतू घालवायचे आणि दोन रात्री एकटे तिथे झोपायचे. शेजारणी मला विचारायच्या, तुमच्या सासऱ्यांना घरात कुणी जेवायला देत नाही का? मी काय सांगणार? नंतर महिनाभर भाभी फरशीवरून कांद्याची साल झाडत असायची.

मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं आणि तरी मी ते थांबवलं नाही, कारण तोवर मलाही धास्ती लागली होती. एकदा मिस्त्री म्हणाले, रेशनकार्डासाठी या पत्त्याचं एक पत्र द्याल का? मी म्हटलं, मामंजींना विचारते, आणि मामंजींना मुळी सांगितलंच नाही. पुढे एकदा फाट्याला गेले तर दाराला एक लग्नपत्रिका अडकवलेली. वर मिस्त्रींचं नाव, खाली आमच्या फ्लॅटचा नंबर. साधी लग्नाची पत्रिका, पण ती मी दोनदा वाचली. त्यांचं नाव आणि माझं घर एका कागदावर मी पहिल्यांदाच पाहत होते. भाभी चहा घ्या म्हणत होती आणि मी भिंतींकडे बघत होते, या बाईने काही बदललं तर नाही ना. भाभी मात्र फार जपून राहायची. मुलीने भिंतीला हात टेकला तरी तिच्यावर डोळे वटारायची. मला त्याचं बरं वाटायचं.

इमारतीच्या कडेने एक चिंचोळी पट्टी होती. तिथे गाड्या लावाव्यात असं सगळ्या फ्लॅटवाल्यांच्या मनात. पण आळ्याचे म्हातारे, जमिनीचे मालक, अधूनमधून खुरपं घेऊन यायचे आणि त्या पट्टीत मेथी पेरायचे. चार-पाच वाफे, त्यावर वरच्या मजल्यावरून केस पडायचे, चॉकलेटचे कागद पडायचे. ती भाजी कुणी खाल्ली असेल असं मला वाटत नाही. फ्लॅटवाले त्यांना वेड्यात काढायचे.

मी एकदा चेष्टेने म्हटलं, "बाबा, एवढ्याशा मेथीनं काय व्हणार? जुडी तरी निघती का?"

म्हाताऱ्याने वर न बघता उत्तर दिलं, "मेथी न्हाई पोरी. वहिवाट हाय."

हे वाक्य मी आमच्या घरात ऐकत होते. मामंजी पहिल्या मजल्यावर कांदे रचत होते, ते मिस्त्रींच्या भीतीने. हा म्हातारा खाली मेथी पेरत होता, तो आमच्या भीतीने. त्याच्या लेखी आम्हीही जमीन बळकावायला बसलेली माणसं होतो. त्या दिवशी कांद्याची पोती घेऊन आलेले मामंजी त्याच्याजवळ थांबले. दोघांनी एकमेकांकडे नुसतं पाहिलं. मामंजींनी तंबाखूची चंची पुढे केली, त्याने चिमूट घेतली आणि दोघे आपापल्या कामाला लागले.

नोटीस आली ती त्यानंतर दोनेक वर्षांनी. म्हाताऱ्याच्या नावाने, पण त्यामागे मुलगा होता हे कुणीही सांगितलं असतं. फाटा वाढला होता, जागांना सोन्याचा भाव आला होता, आणि नव्याण्णव वर्षं थांबायला मुलाला सवड नव्हती. तुम्ही आमच्या संमतीशिवाय फ्लॅटमध्ये तिऱ्हाईत माणूस ठेवला आहे, पट्ट्याच्या अटीचा भंग झाला आहे, मुदतीत दुरुस्त करा, नाहीतर पट्टा रद्द समजून फ्लॅटचा ताबा घेऊ. मी ती उभ्यानेच वाचली आणि मग खाली बसले. आमचे हे म्हणाले, बघू. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले.

मामंजींना घेऊन मी जुन्नरला वकिलाकडे गेले. कोर्टाजवळ त्यांची छोटी खोली, टेबलाखाली मांजर. वकील सगळं शांतपणे ऐकून घेत होते. कांद्याच्या पोत्यांची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"कूळ कायदा शेतजमिनीला आहे, बाबा," ते मामंजींना म्हणाले. "फ्लॅटला कूळ लागत नाही. तुम्ही तिथे कांदे ठेवा नाहीतर बटाटे ठेवा, त्यानं काही होत नाही."

मामंजींचा चेहरा जरा सैल पडला. तेवढ्यात वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. "भाडेकरूशी करार काय केलाय?"

"लेखी काहीच नाही."

"पोलीस ठाण्यात खबर दिलीय? पावत्या?"

"नाही. मामंजी म्हणाले, कागद केला की हक्क येतो."

वकिलांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी समजावून सांगितलं ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं. नव्या भाडे कायद्याप्रमाणे करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. तो केला नसेल, तर कुठल्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं. चुकीचं आहे हे सिद्ध करायचं काम घरमालकाचं. अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवला असता तर मुदत संपल्यावर त्यांना घर सोडावंच लागलं असतं. आणि आळ्याच्या म्हाताऱ्याकडे साधी ना-हरकत मागितली असती तर त्याने कदाचित दिलीही असती.

"आता कसं आहे," वकील म्हणाले, "मुदतीच्या आत तो माणूस घराबाहेर पडला, तर तुमची चूक दुरुस्त झाली, पट्ट्याला हात लावता येत नाही. पण तो म्हणाला की मी इथला भाडेकरू, मी जात नाही, तर त्याला काढायला दावा लावावा लागेल. दावा वर्षानुवर्षं चालतो. मुदत त्याच्या कितीतरी आधी संपेल. तुमचं घर आता त्या माणसाच्या तोंडात आहे."

बाहेर आल्यावर मामंजी कोर्टाच्या पायरीवर बसले. सहा वर्षं ते कागदाला भ्याले होते, आणि कागद नाही म्हणूनच घर चाललं होतं. मला त्यांचा भयंकर राग आला होता. पण त्यांच्या हातातली पिशवी आपोआप खाली सरकत होती. मी पिशवी उचलली आणि त्यांना स्टँडवर नेलं.

आम्ही तसेच फाट्याला गेलो. मिस्त्री दुकानात तांब्याची तार गुंडाळत होते. मी नोटीस दाखवली, वकिलाचं म्हणणं सांगितलं. सगळं नाही सांगितलं. तुमच्या शब्दावर आमचं घर आहे, हे मी गिळलं. पण त्यांना ते आधीच माहीत होतं.

"आळ्याच्या बाबांचा मुलगा येऊन गेला, वहिनी," ते म्हणाले. हातातली तार त्यांनी खाली ठेवली नव्हती. "तो म्हनला, तू हालू नको. तू ठाम ऱ्हा. फ्लॅट आमच्याकडं आला की आमी तुला तिथंच ठेवू. दरवर्षी सामान काढायला नाय लावनार, म्हनला."

मामंजींनी दुकानाच्या खांबाला हात लावला.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"घरी विचारतो म्हनलो. तुमची भाभी जुन्नरला गेलीय. शुक्रवारी सांगतो, वहिनी."

ना हो म्हणाले, ना नाही. कधी नव्हे ते त्यांनी आम्हाला चहाही विचारला नाही. मला वाटलं, संपलं. त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं? मी घर सोडलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं सोडलं. दरवर्षी ज्याने मला सामानासकट रस्त्यावर काढलं, त्याची मी काय म्हणून दया केली असती? हा विचार आला आणि माझी भीती दुप्पट झाली, कारण आता ती भीती बिनबुडाची राहिली नव्हती.

शुक्रवारपर्यंतचे दिवस मी कसे काढले मला सांगता येणार नाही. भाजी करपायची, मुलीच्या डब्यात दोनदा मीठ पडायचं. मामंजी घोडेगावला आमच्याकडेच राहिले. जेवायला बसायचे आणि ताटावरून उठायचे. एकदा ते एकदम म्हणाले, "तेनं बरोबर केलं तर आपन मेलो." बरोबर हा शब्द त्यांनी वापरला. म्हणजे मिस्त्रींनी घर न सोडणं हे त्यांनाही न्याय्यच वाटत होतं.

शुक्रवारी दुपारी आम्ही दोघे फाट्याला उतरलो. इमारतीच्या दाराशी एक टेम्पो उभा होता. त्यात पलंग, कपाट, पिठाचे डबे. दोन माणसं आणखी एक पेटी घेऊन जिन्यात होती. आणखी सामान आणलं! नातेवाईक आणून बसवतोय, आता हा काय हलतोय! मामंजी जिन्याच्या कठड्याला धरून उभेच राहिले. पट्टीत आळ्याचा म्हातारा मेथीच्या वाफ्यात उकिडवा बसून आमच्याकडेच बघत होता.

मग त्या दोन माणसांच्या मागून भाभी खाली आली. तिच्या काखेत मुलीचं दप्तर होतं आणि हातात झाडू. मला कळायला वेळ लागला. पेटी वर जात नव्हती, खाली येत होती.

"आमी जुन्नरला जातोय, वहिनी," ती म्हणाली. "माज्या भावाच्या माडीवर. हे रोज जीपनं येतील दुकानात."

"पण तो मुलगा तर म्हणाला होता, तुम्हाला ठेवतो म्हणून," माझ्या तोंडून निघून गेलं.

भाभीने झाडू टेम्पोत टाकला. "त्यो पन असाच भिनार ना आमाला. तुमी भेता तसा. मला न्हाई जमत आता."

तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. तेवढ्यात मिस्त्री खाली आले आणि, निघाले तर असावा म्हणून वकिलाने आधीच लिहून दिलेल्या कागदावर त्यांनी सही केली. मी स्वखुशीने घर रिकामं केलं, माझा कसलाही हक्क नाही, असं त्यात होतं. सहा वर्षांत आम्ही त्यांना दिलेला तो पहिला कागद. चावी त्यांनी मामंजींच्या हातात दिली आणि म्हणाले, "काका, नळाचा वायसर बदललाय. घट्ट पिळू नका." टेम्पो जुन्नरच्या रस्त्याला लागला.

माझं घर वाचलं होतं. मला रडू यायला हवं होतं किंवा हसू. पण भीती निघून गेल्यावर तिच्या जागी काही येईचना. आम्ही वर गेलो. मामंजींना सगळं बघायचं होतं, माळ्यावरचं कुलूप, खिडक्या, मोरी. घर लख्ख झाडलेलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर डाग नाही.

मी हॉलमध्ये उभी होते आणि काहीतरी चुकतंय असं वाटत होतं. भिंतीवर काही नव्हतं. मोकळ्या घरात काही नसतंच, पण खुणा असतात. कॅलेंडरचं भोक, घड्याळामागचा पांढरा गोल, देवाच्या किंवा कशाच्या तरी चौकटीचा खिळा. इथे काहीच नव्हतं. मी चारही भिंती पाहिल्या, मग आतली खोली पाहिली, मग स्वयंपाकघर. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेलं असायचं, ते आठवलं. कपडे दाराच्या कडीवर, आरसा कपाटावर टेकवलेला, घड्याळ खिडकीत आडवं ठेवलेलं. मी दर वेळी ते पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं, किती अव्यवस्थित बाई आहे. सहा वर्षं त्या माणसांनी माझ्या घरात एक खिळा ठोकला नव्हता.

मामंजींच्याही ते ध्यानात आलं होतं. ते भिंतीवरून हात फिरवत हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. अंधारात बटण शोधतात तसे. मग खिडकीशी थांबले. खाली तो म्हातारा अजून मेथी खुरपत होता.

"आमी कूळ व्हतो तवा त्या जुन्नरच्या मालकाच्या रानात पयल्याच वर्षी इहीर खांदली व्हती," मामंजी म्हणाले.

त्यांनी चावी माझ्या हातात दिली, मी दाराला कुलूप लावलं आणि आम्ही बोरीची जीप धरली.